गाडीच्या रेडिओला दिलेला डाख

आमच्या गाडीत रेडिओ होता, पण तो बोलत नसे. गाडी विलायती, आमच्या ह्यांनी मुंबईच्या एका म्हाताऱ्या शेटजींकडून जुनी घेतलेली. महाड ते पोलादपूर ती भाड्याने चालायची, आणि एखादं ऐपतदार गिऱ्हाईक मिळालं तर आंबेनळीच्या घाटाने महाबळेश्वरपर्यंत जायची. रेडिओ कारखान्यातूनच तिच्या पोटात बसून आलेला होता. पाट्यासारखा जड, आत काचेचे दिवे. तो सुरू केला की दिवे तापेपर्यंत दासगावचं भाडं महाडात पोचायचं, आणि मग बोलायच्या ऐवजी तो नुसता घुरघुरायचा. वर बॅटरी पिऊन टाकायचा ती वेगळीच. शेवटी एका पावसाळ्यात त्याने घुरघुरणंही सोडलं.

मी तांबटाची मुलगी. महाडात माझ्या वडिलांचं, आबांचं, तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं आणि त्यांना मुलगा नव्हता. सात वर्षांची असल्यापासून मी त्यांचा भाता ओढला. बघून बघून डाख द्यायला शिकले. डाख म्हणजे फुटलेल्या भांड्याला कथील वितळवून दिलेला सांधा. आबांची परीक्षा ठरलेली होती. सांधलेलं भांडं पाण्याने भरून रात्रभर कोरड्या राखेवर ठेवायचं. सकाळी भांडं उचलून राख बघायची. राख कोरडी असली तर स्वतःच्या डाखाला ते म्हणत, "पक्का." माझ्या डाखालाही राख कोरडीच निघायची, पण मला ते म्हणत, "चालेल." आणि माझ्या हातचं भांडं घरात वापरलं जाई, गिऱ्हाईकाला कधी दिलं नाही. लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे गेले तरी ते "चालेल" माझ्या कानातून गेलं नव्हतं. एकदा, फक्त एकदा, मला त्यांच्या तोंडून "पक्का" ऐकायचं होतं. एवढीशी हाव, पण माणसाला किती छळते!

त्यामुळे बाजारातला रेडिओवाला जे बोलला ते मला चांगलंच झोंबलं. हे त्याला गाडी दाखवायला घेऊन गेले, मी मागे बसले होते. त्याने आत डोकावून सांगितलं की हा डबा काढून नवा बसवावा लागेल, आणि बसवायच्या कामाचा जो आकडा सांगितला तो ऐकून ह्यांनी निघायला गाडीची किल्ली खिशातून काढली. मी मागून म्हटलं, "तारा तर जोडायच्या, त्यात एवढं काय?" तो हसला. म्हणाला, "वैनी, हा काय हंड्याला डाख देन्याचा परकार नाय."

माझा तिळपापड झाला. घरी येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही, आणि माझं न बोलणं हे काय प्रकरण असतं ते ह्यांना ठाऊक होतं. रात्रीच्या जेवणाला ह्यांनीच विचारलं, "तू बसवशील?" मी म्हटलं, "आणा तर खरं."

पुढच्या मुंबईच्या फेरीत ह्यांनी चोरबाजारातून एक जुना ट्रान्झिस्टरचा कार-रेडिओ आणला. दिवे नाहीत, तापणं नाही, वजन निम्म्याहून कमी. विकणाऱ्याने सिगारेटच्या पाकिटावर पेन्सिलीने चित्र काढून दिलं होतं: ही तार बॅटरीकडे, ही गाडीच्या पत्र्याला, ह्या दोन स्पीकरला, ही एरियलला. स्पीकर जुनाच ठेवायचा ठरला, तेवढीच बचत. ते पाकीट मी तीन दिवस पोथीसारखं वाचलं.

मग एका दुपारी गाडी दारात उभी करून बॅटरीची तार आधी सोडवली आणि मी कामाला लागले. स्टिअरिंगच्या खाली उताणं झोपल्याशिवाय त्या रेडिओचे नट दिसत नव्हते. नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून मी आत शिरले. दारातून बाहेर राहिले नुसते माझे पाय. आख्खी आळी जमली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगो, गाडीने गिळली की काय हिला?" मी आतूनच ओरडले की ज्याला मदत करायची नसेल त्याने घरी जाऊन भात टाकावा. कुणी गेलं नाही. पुढे दोनदा पाना माझ्या कपाळावर पडला आणि एकदा झुरळ. जुना डबा सुटून छातीवर आला तेव्हा मात्र मी एवढ्या जोरात "निघाला!" म्हणाले की माझ्या सासूबाई देवघरातून उठून बाहेर आल्या.

नवा रेडिओ लहान आणि जुन्याचं भोक मोठं. रेडिओ त्यात ठेवला की आत पडायचा. तयार चौकट विकत मिळत असेलही, पण कुठे आणि कितीला ते मी विचारलंच नाही. माहेरून एक फुटकी परात आणली, तिच्या बुडाचा तांब्याचा पत्रा कापला, रेडिओच्या मापाचं भोक पाडलं, कडा दुमडल्या आणि आमच्या भांड्यांवर असतात तसे हातोडीचे बारीक ठोके, म्हणजे मठार, तिच्यावर काढले. चिंचेने घासून ती चौकट बसवली. सांगते, त्या विलायती गाडीत एवढी देखणी दुसरी वस्तू नव्हती. पुढे भाड्याने बसणारे लोक रेडिओ ऐकायच्या आधी त्या चौकटीवर बोट फिरवायचे.

तारा मी जोडल्या त्या मला येत होतं तशाच. शेगडीत डाखाचं लोखंड तापवलं, कथील चिकटावं म्हणून तारेला नवसागराचा क्षार लावला, कथील धरलं. चुर्र झालं आणि सांधा बसला. सगळे सांधे झाल्यावर ह्यांनी बॅटरी जोडली. मी कळ फिरवली. आधी खरखर, आणि मग गाडीच्या पोटातून कुणीतरी स्वच्छ आवाजात बाजारभाव सांगू लागलं. कांदे, बटाटे, गूळ. आळीने टाळ्या वाजवल्या. कांद्याच्या भावाला एवढ्या टाळ्या त्याआधी कधी मिळाल्या नसतील. मी तिथेच पायरीवर बसले आणि मला रडू आलं. मग पोस्टात जाऊन, तेव्हा रेडिओला लागायचा तो परवानाही काढला, म्हणजे कुणाला बोट दाखवायला जागा नको.

दोन महिने माझा रुबाब काही विचारू नका. पोलादपूरच्या स्टँडवर बायका विचारायच्या, "गानंवाली गाडी हाय का गो?" गाडी घाट चढू लागली की आवाज खुलायचा, नदीच्या काठाला उतरली की बुडायचा, आणि लोक तो वर येईपर्यंत श्वास धरून बसायचे. बाजारात रेडिओवाल्याच्या दुकानासमोर हे मुद्दाम गाडी हळू करत. मी मुद्दाम त्याच्याकडे बघत नसे.

आबांनी मात्र गाडी बघितली नाही. "त्यात मला काय कळतं?" म्हणाले. चौकटीसाठी कुठली परात नेलीस, एवढंच विचारलं.

श्रावणात नाते गावाला एक बारशाचं भाडं होतं. आठ बायका, मधोमध बाळ, रेडिओवर भजन. अर्ध्या वाटेत भजन खोकल्यासारखं तुटलं, पुन्हा लागलं, पुन्हा तुटलं आणि बंद झालं. बायकांनी बिचाऱ्यांनी उरलेलं भजन स्वतः म्हटलं. हे रात्री म्हणाले, "राहू दे, झालं तेवढं पुरे." त्यांचा तो समजूतदार आवाज ऐकून मला जास्तच संताप आला. रेडिओवाल्याने तर माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा स्टिअरिंगखाली उताणी झाले. माझे सगळे सांधे हिरवे पडले होते. बॅटरीकडची तार बोट लावताच तुटून हातात आली. तो हिरवा तुकडा पदराला बांधून मी आबांकडे गेले. त्यांनी तो तळहातावर घेतला, उजेडात धरला आणि परत दिला. "चालेल" सुद्धा म्हणाले नाहीत.

घरी आले आणि भांडी घासता घासता माझा हात थांबला. लहानपणी डाख दिला की आबा ते गरम भांडं माझ्यापुढे सरकवायचे, कारण धुवायचं काम माझं. चिंच आणि राख लावून, तीन पाण्यांनी. एकदा मी कंटाळा केला तेव्हा ते म्हणाले होते की नवसागर राहिला तर तांबं खातो. दहा वर्षं मी ती भांडी धुतली होती, आणि तारा जोडताना मला ते आठवलं नाही! आठवूनही उपयोग नव्हता म्हणा, रेडिओतली तार काही चिंचेने घासून तीन पाण्यांनी धुता येत नाही. रेडिओवाल्याचं बोलणं अर्धं खरं होतं, हे मी स्वतःशी कबूल केलं. त्याच्याशी नाही.

धुवावं लागणार नाही असं काहीतरी हवं होतं. आबांच्या फळीवर राळेचा एक डबा असायचा. समईवर नक्षी ठोकताना पत्र्याला खालून आधार द्यायला ते राळ वापरत. कथलाचा एखादा नाजूक ठिपका द्यायचा असला तर कधी त्यांनी चिमूटभर राळ टाकलेलीही मी बघितली होती, आणि ते भांडं माझ्याकडे धुवायला कधी आलं नव्हतं. ते जेवायला गेले तेव्हा मी राळेचा एक खडा उचलला. उचलला म्हणजे चोरला.

आता मात्र मी घाई केली नाही. तारेचे दोन तुकडे घेतले. एकाला नवसागर लावून डाख दिला, दुसऱ्याला राळ लावून. राळेचा धूर झाला, घरभर देवळाचा वास सुटला, सासूबाईंना वाटलं मी आज धूप घालते आहे. दोन्ही तुकडे मिठाच्या पाण्यात बुडवले आणि पागोळ्यांखाली खिळ्याला टांगले. रोज सकाळी तुळशीला पाणी घातलं की आधी ते बघायचे. पंधरा दिवसांनी नवसागराचा तुकडा शेवाळ्यासारखा हिरवा आणि राळेचा मी दिला तसाच चकचकीत. मी तो ह्यांच्या चहाच्या बशीत ठेवला. हे म्हणाले, "हे खायचं?" मग माझ्या तोंडाकडे बघून उठले आणि गाडीची बॅटरी सोडवायला गेले.

सगळ्या तारा खरडून, साफ करून, एकेक सांधा राळेने पुन्हा दिला. त्यानंतर उरलेला पावसाळा आणि आंबेनळीतलं धुकं त्या रेडिओने पचवलं. दिवाळीच्या सकाळी तो गात होता.

दिवाळीनंतर आबांना पोलादपूरच्या वरच्या एका गावात जायचं होतं. तिथली गावकीची भांडी, म्हणजे गावाच्या मालकीची, लग्नाकार्यात सगळ्यांनी वापरायची मोठी तपेली आणि हंडे, लग्नसराईआधी आबाच दुरुस्त करत. पण त्या वर्षी त्यांचा हात थरथरू लागला होता. ऐरण, भाता, कोळसा घेऊन ते पहिल्यांदाच आमच्या गाडीत बसले. ह्यांच्या शेजारी ते, मागे मी.

रेडिओवर कुणी बाई गात होती. आबांनी थोडा वेळ ऐकलं, चौकटीवरच्या ठोक्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "जोडलंय कुठे?" मी पुढे वाकून दाखवलं. त्यांनी हात खाली घातला आणि अंगठ्याने एक सांधा चाचपला, मग दुसरा, मग तिसरा. हंड्याचा चाचपत तसाच.

"धुतलास?"

"धुवावा लागत नाही. राळ आहे."

"माझी?"

"तुमचीच."

ह्यांनी हसू दाबायला खिडकीबाहेर बघितलं. आबा अंगठ्याचा वास घेऊन पोलादपूर येईपर्यंत समोरचा रस्ता बघत बसले. मी मागे बसून मनातल्या मनात दहा वेळा त्यांच्याशी भांडले.

गावात देवळासमोर भांडी मांडून ठेवली होती. सगळ्यात मोठं तपेलं बुडाला फुटलेलं, पन्नास माणसांचा भात शिजेल एवढं. आबांनी भट्टी लावली, लोखंड तापत ठेवलं. मी सवयीने भात्याशी जाऊन बसले. तेव्हा ते म्हणाले, "ऊठ तिथून."

मला वाटलं, राळ चोरल्याचा राग आता निघतोय. मी उठले. आबा माझ्या जागेवर बसले, भात्याची दांडी हातात घेतली आणि तापलेल्या लोखंडाकडे बोट दाखवलं.

गावकऱ्यांत चुळबुळ झाली. एक म्हातारा पुढे आला. "आबा, गावकीचं भांडं हाय. डाख ही देनार?"

"माझा हात थरथरतो," आबा म्हणाले. "हिचा नाय."

मी लोखंड उचललं. माझे वडील भाता ओढत होते आणि मी डाख देत होते. धुवायची वेळ आली तेव्हा ते तपेलं मी कुणालाही दिलं नाही. चिंच, राख आणि तीन पाणी, माझ्या हातांनी. रात्री पाणी भरून ते राखेवर ठेवलं आणि आम्ही त्या म्हाताऱ्याच्या ओटीवर झोपलो. झोपले ते आबा आणि हे. मी जागीच.

सकाळी चौघांनी तपेलं उचललं. आबा गुडघ्यावर बसले आणि राखेत बोट फिरवलं. पांढरी, कोरडी राख त्यांच्या बोटाला लागली. त्यांनी ते बोट माझ्यापुढे नाही, त्या म्हाताऱ्यापुढे धरलं.

"पक्का," ते म्हणाले. "पुढल्या वर्साला हिलाच बोलवा."