नानांना आलेला वास

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. शेखरला, म्हणजे नवऱ्याला, तर नाहीच. एकदा बहिणीला सांगायचं ठरवून फोन लावला, आणि लोणच्याच्या मसाल्याचं प्रमाण विचारून ठेवून दिला. तुम्ही मला ओळखत नाही — तेवढ्यावरच धीर करतेय.

आधी घर सांगते. खांदा कॉलनी, दुसरा मजला. मी, शेखर आणि नाना — माझे सासरे. सासूबाईंना जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. मी तळोज्याला एका कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. साबणात, अगरबत्तीत घालायची सुगंधी रसायनं बनतात तिथे. माल बरोबर उतरला की नाही हे मशीन सांगतंच, पण शेवटी कागदाच्या पट्टीवर थेंब टाकून नाकानं बघावं लागतं. माझ्या नाकाचा मला गर्व आहे. होता — असं म्हणू का?

सासूबाई केसांचं तेल घरीच उकळायच्या. माका, जास्वंद, वेखंड, आणखी काय काय. इतकी वर्षं मी वासावरून एकेक जिन्नस ओळखत आले, पण एक राहायचाच. त्या हसून म्हणायच्या, ओळख की, एवढी मोठी केमिस्ट तू. त्या गेल्या तेव्हा बाथरूमच्या कपाटात पाऊण बाटली उरली होती.

एका दुपारी पहिली पाळी करून आले आणि त्यातलं थोडं केसांना लावलं. आठवण आली म्हणून? की तो राहिलेला जिन्नस ओळखायचा होता म्हणून? दोन्ही असेल. हॉलमध्ये आले तर नाना पेपर खाली ठेवून, मान वर करून बसलेले. म्हणाले, "हिचा वास आहे गं इथे."

किती सोपं होतं. नाना, मी तेल लावलंय — चार शब्द. पण गेलेल्या बाईच्या वस्तूला न विचारता हात लावला याची लाज वाटली. आणि मग त्यांचा चेहरा बघितला. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यावर काहीतरी हललं होतं. मी गप्प बसले.

एवढंच असतं तर मी स्वतःला माफ केलं असतं. पण पुढे मला — कसं सांगू — उत्सुकता वाटायला लागली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी या माणसाला किती पुसट वास कळतो? किती लांबून? लॅबमधल्या पट्ट्या मी पर्समध्ये घालून घरी आणल्या. त्यांच्यावर तेलाचा एकेक थेंब. एक सासूबाईंच्या खुर्चीच्या गादीखाली, पुढच्या आठवड्यात एक पडद्याच्या दुमडीत. एक दिवस ठेवायची, दोन दिवस नाही. आणि चहा गाळता गाळता कान देऊन ऐकायचं. नाना बरोब्बर सांगायचे, आज आहे, आज नाही. जिथे पट्टी तिकडे तोंड करून सासूबाईंशी बोलायचे — दूधवाला बदलला, गुडघा दुखतो, असलंच काहीतरी. मला वाईट वाटायचं का? वाटायचं. पण त्याहून कौतुक जास्त वाटायचं. असं नाक आमच्या लॅबमध्ये एकाचंही नाही.

एकदा मात्र पट्टी ठेवलेली नव्हती, माझ्या केसांनाही काही नव्हतं, आणि नाना बाल्कनीतल्या तुळशीपाशी उभे राहून म्हणाले, आत्ता होती. मी तिथे जाऊन वास घेतला. काही नाही. मनात नोंद केली — चूक, एक. पण ती चूक होती का? आणि कुणाची? अजून मला ते कळलेलं नाही.

मग शेखरनं पुण्याला विद्याताईंना, माझ्या नणंदेला, फोनवर सांगितलं की नाना म्हणतात घरात आईचा वास आहे. नाना बोलत होते नाकाला येणाऱ्या वासाबद्दल. ताईंनी ऐकलं ते वेगळंच — आई गेलेलीच नाही, तिचा अजून इथेच वास आहे. दोन दिवसांत त्या लिंबं आणि अंगारा घेऊन हजर. घरभर धूप झाला. नाना वैतागले. वास म्हणजे वास गं, भूत नव्हे, म्हणाले. त्यावर शेखर उलट जास्तच घाबरला. नसलेला वास येतो म्हणजे डोक्याचंच काहीतरी. बहीणभावांचं दोन दिवस वाजलं, आणि ज्या एकीला खरं माहीत होतं तिनं चकार शब्द काढला नाही. शेवटी ठरलं, नानांनी पुण्याला ताईंकडे राहायचं. भूत असेल तर सुटतील, भास असेल तर तिथे चांगला डॉक्टर आहे.

नानांना जायचं नव्हतं. तिला इथे सोडून कसे जातील? निघायच्या आदल्या दिवशी शेखर ऑफिसात आणि ताई बाजारात असताना त्यांनी मला समोर बसवलं.

"मेधा, तुझं नाक कामाचं आहे. तू म्हणशील ते मी मानीन. तुला येतो का वास?"

त्या दिवशी तेल माझ्या केसांत होतं. आमच्यात दोन हातांचं अंतर.

"नाही, नाना."

ते म्हणाले, "मग नसेल." आणि बॅग भरायला उठले.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? नाना रागावले असते, शेखर महिनाभर बोलला नसता. बस. एवढं टाळायला मी त्या माणसाची बायको दुसऱ्यांदा नेली, आणि तिच्याबरोबर त्यांचा स्वतःवरचा विश्वासही.

पुण्यात ते दीड वर्ष जगले. एका सकाळी आम्ही भेटायला गेलो, तर ताई भाजी घेऊन येताना खालीच भेटल्या. सगळे बरोबर वर गेलो. दार उघडलं तर घरभर धूर. गॅसवर ठेवलेली डाळ जळून कोळसा झाली होती, आणि स्वयंपाकघराला लागूनच्या खुर्चीत नाना शांतपणे बसलेले. ताई गॅस बंद करायला धावल्या, तिथूनच त्यांनी विचारलं, वास आला नाही का तुम्हाला?

नानांनी माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "मेधा, खरंच जळतंय ना गं?"

मी हो म्हटलं. मग ते खुर्चीतून उठले.