ब्रेकबाईंचा वाफा

कुणाच्याही गाडीत बसल्या की बाईंचा उजवा पाय आपोआप पुढे सरकायचा आणि पायाखालची चटई दाबायचा. घरात टीव्हीसमोरही तेच. पडद्यावरची गाडी वळणावर आली की सोफ्यापुढची तिपाई बोटभर पुढे जायची. दूध वर यायच्या आत गॅस बंद. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत उत्तर. दुसऱ्याच्या घरातला आरसासुद्धा त्या जाताजाता जरा तिरका करायच्या, मागून कोण येतंय ते दिसावं म्हणून. कुलूप लावलं की स्वतः ओढून बघायच्या, मग दुसऱ्याला ओढायला लावायच्या. राग आला की त्यांचा आवाज चढत नसे, खाली जायचा. हाताखाली शिकलेल्यांना ते पाठ होतं. आवाज खाली गेला की ते गुपचूप गाडी बाजूला घ्यायचे.

बाई गाडी चालवायला शिकवायच्या. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, शिकवणाऱ्यासाठी. बाईंच्या गाडीतला तो ब्रेक झिजून गुळगुळीत झाला होता. शिकणाऱ्याचा मात्र नव्यासारखा होता. पाठीमागे सगळे त्यांना ब्रेकबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं.

"म्हणू देत," त्या म्हणायच्या. "जिवंत आहेत म्हणून म्हणतायत."

ड्रायव्हिंग स्कूल वडिलांनी काढलं होतं. वडिलांच्या मागे धाकटा भाऊ ऑफिसात बसू लागला आणि बाई गाडीत बसत राहिल्या. थंडी सरत आली तेव्हा एका सकाळी भावानं त्यांना ऑफिसात बोलावलं.

"ताई, बस."

"उभीच बरी. बोल, धाकट्या."

"तक्रारी येतात गं. लोक म्हणतात, बाई आम्हाला चालवूच देत नाहीत. आपण पैसे त्यांच्या ब्रेकचे देतो का, असं एक जण म्हणाला. सोमवारपासून गाडीवर नवा माणूस येतोय."

"आणि मी?"

"तू आराम कर. खूप केलंस."

"आराम म्हातारी माणसं करतात."

भावानं भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटलं. मग म्हणाला, "आणि हो, दोन नव्या गाड्या घेतोय. उभ्या करायला जागा नाही. मागच्या अंगणात काँक्रीट टाकून घेतो."

घर दोघांचं होतं. पुढच्या खोल्यांत भाऊ आणि भावजय, मागच्या दोन खोल्यांत बाई. बाईंच्या स्वयंपाकघराचं दार अंगणात उघडायचं. अंगण म्हणजे काय, तर टक्कल पडलेले टायर, एक फुटकं बेसिन आणि गवत. बाईंनी त्याच्याकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. पण गाडी गेली आणि पाठोपाठ अंगणही चाललं, हे ऐकून त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आवाज अगदी खाली गेला. "अंगणात मी भाजी लावणार आहे."

हे त्यांनाही त्याच क्षणी कळलं.

"भाजी? तू?" भाऊ हसला. बाईंनी आयुष्यात कुंडीतलं रोप जगवलं नव्हतं. मग त्याला फोन आला, आणि विषय संपवायला तो म्हणाला, "बरं बाई. गाड्या यायच्या आत खाण्यासारखं काहीतरी उगवून दाखव. अंगण तुझं."

लहान मुलाला चंद्र देऊ करावा तसं तो बोलला. बाईंनी ती काळ्या दगडावरची रेघ मानली.

वरच्या खोलीत एक मुलगी भाड्यानं राहायची. औषधांच्या दुकानात कामाला होती. बाईंकडेच गाडी शिकत होती आणि परीक्षेत एकदा नापास झाली होती. सुट्टीच्या दिवशी बाईंनी तिला हाक मारली आणि हातात कुदळ दिली. दोघींनी टायर भिंतीला लावले, बेसिन ओढत फाटकाबाहेर नेलं. माती खणली तशी तिच्यातून नटबोल्ट निघाले, काचा निघाल्या, एका गाडीचा अख्खा दिवा निघाला. बाई प्रत्येक वस्तूला शिव्या घालत होत्या.

"कुणावर चिडल्यात एवढ्या?" मुलीनं विचारलं.

"खण."

बियाणांच्या दुकानात बाईंनी एकच प्रश्न केला. "सगळ्यात लवकर काय येतं?"

"मुळा."

"किती लवकर?"

"बाई, मुळा आहे. बस नाही."

मुळा आणला, पालक आणला, घेवड्याचं बी आणलं. वाफा केला, ओळी आखल्या. ओळी रस्त्यावरच्या पट्ट्यांसारख्या सरळ आल्या. बाई इतक्या खूश झाल्या की संध्याकाळी त्यांनी मुलीला चहा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चमचा घेऊन अंगणात उतरल्या आणि बी उकरून पाहिलं. काही नव्हतं. परत पुरलं. तिसऱ्या दिवशी परत उकरलं. पाणी सकाळी, दुपारी, संध्याकाळी. एक दिवस एका बीला पांढरं टोक फुटलेलं दिसलं. बाईंनी ते तळहातावर घेतलं आणि थेट भावाच्या ऑफिसात नेलं.

"बघ."

भावानं चष्मा लावला. "काय बघू?"

घरी येईपर्यंत ते टोक सुकलं होतं. बाईंनी तेही परत पुरलं.

पालक वर आला आणि कुजला. घेवड्याचं बी फुगून फुटलं. भावजय तिच्या खिडकीतून सगळं बघत होती.

"वन्सं, मुळे लावताय की पोहायला शिकवताय?"

"तू तुझा कुकर बघ."

"कुकरची शिट्टी होऊ देते हो मी. तुमच्यासारखी आधीच झाकण उघडत नाही."

बाईंनी दार आपटलं. खिडकीची काच थरथरली. त्यांनी तोच वाफा पुन्हा खणला, पुन्हा बी टाकलं आणि चमचा पुन्हा दाराशी ठेवला. त्यांना झोप लागेना. बी आत काय करतंय? काहीच करत नसेल तर? कुणी न बघता काही नीट होतं, यावर त्यांचा विश्वास नव्हता. आजवर ज्याच्यावरून नजर हटवली ते खांबावरच गेलं होतं.

मुलीची दुसरी परीक्षा झाली. ती संध्याकाळी फाटकातून आत आली तेव्हा बाई वाफ्यापाशी उकिडव्या बसून उकरत होत्या.

"झालीस का पास?"

"नाही."

"काय चुकवलंस? क्लच? सांगितलं होतं क्लच हळू सोड. कान आहेत की..."

"ब्रेक," मुलगी म्हणाली.

"ब्रेक काय?"

"दाबलाच नाही मी. समोर लाल दिवा होता. मला दिसत होता. मी वाट बघत बसले." मुलीचा आवाज फाटला. "तुम्ही दाबाल म्हणून! दोन महिने तुम्हीच दाबत होतात. माझ्या पायाला माहीतच नाही ब्रेक कुठं असतो ते. आणि आता हे! त्या बियांना तरी सोडा ना! ठेवा तो चमचा!"

बाई उठल्या. गुडघ्याची माती झटकली नाही. आत गेल्या आणि मागच्या दाराला कडी घातली.

मग अबोला सुरू झाला. मुलीशी बोलणं नाही, भावजयीशी नाही, मातीशीही नाही. बाई पुढच्या दारानं जायच्या, पुढच्या दारानं यायच्या. मागचं दार उघडलंच नाही. पाणीही घातलं नाही. मरू देत, त्या मनात म्हणायच्या, सगळेच मरू देत, मी कोण लागते त्यांची. त्या रागात त्यांनी घरातली सगळी भांडी घासली, कपाटं पुसली, जुने कपडे फाडून फडकी केली. मधे एका दुपारी हलकीशी सर येऊन गेली. बाईंनी खिडकीकडे पाठ केली.

अबोला मोडला तो टॉवेलामुळे. वाऱ्यानं दोरीवरचा टॉवेल अंगणात पडला आणि दुसरा ओला होता. बाईंनी कडी काढली.

वाफा हिरवा झाला होता. मुळ्याची ओळ, पालकाची ओळ, कडेला घेवड्याची मान वाकवलेली रोपं. एकही ओळ वाकडी नव्हती.

बाई पायरीवर उभ्या राहिल्या. त्यांना आनंद झाला असता तर बरं झालं असतं. त्यांना संताप आला.

"मेले!" त्या ओरडल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज वर गेला. "माझी पाठ वळायचीच वाट बघत होते!"

वरच्या गॅलरीत मुलगी हसली. तोंड दाबायचा प्रयत्न केला, पण हसू सुटलंच.

"दात काढू नकोस," बाई वर न बघता म्हणाल्या. "खाली ये. घेवड्याला सुतळी कुठून बांधायची ते सांग."

त्या दिवसापासून बाईंनी चमचा आत ठेवला. सोपं नव्हतं. सकाळी त्या स्वयंपाकघराच्या पायरीवर बसायच्या आणि दोन्ही पाय वर पोटाशी घ्यायच्या. पाय खाली सोडले की ते वाफ्याकडे चालू लागत. मुळ्याची पानं वाढली. मातीतून लाल खांदे दिसू लागले. एकच उपटून बघावा, असं त्यांना रोज वाटायचं. त्या पाय आणखी घट्ट धरायच्या आणि कुणाला तरी शिव्या घालायच्या. बहुतेक वेळा भावाला.

गाड्या ठरल्यापेक्षा आधी येणार, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. त्या घेवड्याला सुतळ्या बांधत होत्या. शेवटचा वेल तेवढा राहिला होता. तेवढ्यात भाऊ फाटकातून आत आला.

"ताई, बाजूला हो. रेतीचा ट्रक येतोय."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? गाड्या परवा येतायत."

"खाण्यासारखं उगवलं तर अंगण माझं. तुझे शब्द आहेत."

"कुठंय खाण्यासारखं? पाला आहे नुसता." भाऊ वाकला. "बरं, एक मुळा उपटून दाखव. निघाला मनगटाएवढा तर आत्ता ट्रक परत पाठवतो."

बाईंचा हात पुढे गेला. पानांना लागला. मग त्यांनी तो मागे घेतला.

"नाही," त्या म्हणाल्या. आवाज इतका खाली की भावाला पुढे झुकावं लागलं. "अजून भरले नाहीत. आठवडाभर लागेल."

"म्हणजे नाहीच आहेत."

"आहेत. आत आहेत."

"आत काय आहे ते कुणाला दिसतंय, ताई? पी हळद अन् हो गोरी, असं असतं का कधी?"

"हेच मी तुला सांगतेय, गाढवा!"

गल्लीच्या तोंडाशी ट्रकचा हॉर्न वाजला. बाईंच्या हातातून सुतळीचा गुंडा सुटला. त्या फाटकाबाहेर आल्या.

ट्रकच्या पुढे स्कूलचीच गाडी येत होती. स्टिअरिंगवर वरच्या खोलीतली मुलगी, शेजारी नवा शिक्षक. फाटकापुढे गाडी थांबली तसा नवा शिक्षक ट्रकला वाट दाखवायला खाली उतरला. बाई त्याच्या सीटवर बसल्या आणि दार लावून घेतलं.

"मागे घे. फाटकात. मागची बाजू आत, नाक गल्लीत."

"बाई, मला रिव्हर्स येत नाही."

"माहीत आहे. मीच शिकवलंय."

मुलीनं खाली पाहिलं. गुळगुळीत ब्रेकवर कुणाचाच पाय नव्हता. बाईंनी दोन्ही पाय वर सीटवर घेतले होते, पोटाशी, पायरीवर घ्यायच्या तसे.

"पाय खाली घ्या ना," मुलगी रडकुंडीला आली.

"नाही घेणार."

गाडी मागे निघाली. आरशात फाटकाचा खांब दिसू लागला, मोठा झाला, आणखी मोठा झाला. बाईंनी दाराचं हँडल धरलं होतं. बोटं पांढरी पडली होती. ओठ मिटलेले होते. मागून भाऊ ओरडत होता, नवा शिक्षक हात हलवत होता, आणि बाई एक अक्षर बोलत नव्हत्या. खर्रकन खांब घासला. मग मुलीनं ब्रेक दाबला. स्वतःच्या पायानं, इतका जोरात की दोघींची डोकी मागे आपटली.

गाडी फाटकात अडकून उभी राहिली. आता आत मांजरही जाऊ शकलं नसतं.

"उशीर केलास," बाई म्हणाल्या. "पण दाबलास."

त्यांनी किल्ली काढली आणि मुठीत धरली. मुलीचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात.

भाऊ घरातून वळसा घालून गाडीच्या खिडकीशी आला. चेहरा लाल झाला होता. "ताई, किल्ली दे."

"आठवड्यानं."

"वेड लागलंय का? लोक काय म्हणतील?"

"ब्रेकबाई म्हणतील. त्यात नवीन काय?"

त्यानं खिडकीतून हात घातला. बाईंनी काच वर घेतली. ट्रकवाल्यानं तीनचारदा हॉर्न मारला, कपाळाला हात लावला आणि अख्खी गल्ली उलटा जात बाहेर पडला. बाई काचेतून त्याच्याकडे बघत होत्या.

"बघून घे," त्या मुलीला म्हणाल्या. "असा असतो रिव्हर्स."

ऊन उतरलं तरी बाई गाडीतच बसून होत्या. किल्ली मुठीत, दारं आतून बंद. भावजयीनं फाटकावरून चहा दिला तो त्यांनी काच बोटभर खाली करून घेतला आणि कप परत दिला नाही. भाऊ पुढच्या पायरीवर बसून कुणाला तरी फोनवर समजावत होता, की हो, परवाच, नाही, परवा नाही.

मुलगी केव्हाच गाडीतून उतरून वर गेली होती आणि गॅलरीत उभी होती. खाली वाफ्यात घेवड्याचे सगळे वेल आपापल्या सुतळीला लागले होते. कडेचा एक राहिला होता. त्याचं टोक वाऱ्यावर इकडे तिकडे हलत होतं, आणि सुतळीचा गुंडा उलगडत उलगडत मुळ्यांच्या ओळीत जाऊन पडला होता.