उलामिलाचं ‘माहीत नाही’

आमच्या बेटावरच्या हॉस्पिटलात जिन्याखाली टेलिफोनची खोली होती. एक टेबल, टेलिफोनचा बोर्ड, गाड्यांशी बोलायचा वायरलेस आणि सगळ्या वॉर्डांत आवाज पोचवणारा माइक. उलामिला एकदा आत बसली की दुसऱ्या माणसाला जागा उरत नसे, दारात उभं राहूनच बोलावं लागे. मी स्वयंपाकघर सांभाळायचे. तिचा चहा मी स्वतः नेऊन देत असे, कारण ती त्यात किती साखर घालते ते कुणी पाहिलेलं तिला आवडत नसे.

सगळ्या नर्सेस तिला ‘नेई’ म्हणायच्या. नेई म्हणजे आत्या. कुणाचं मूल आजारी, कुणाचा नवरा रुसलाय, कुणाची बस चुकली, सगळं आधी नेईला कळायचं. पण एकीचं दुसरीला तिने कधी सांगितलं नाही.

आधी ती बाळंतिणींच्या वॉर्डात आया होती. त्या काळी एक मोठं वादळ झालं. मुली घाबरतील म्हणून तेव्हाच्या मेट्रनबाईंनी रेडिओ कपाटात घालून कुलूप लावलं. बाईंचा हेतू चांगला होता. पण खरी बातमी मिळेना म्हटल्यावर खोट्या सुरू झाल्या. कुणी म्हणालं समुद्र बाजारात शिरला, कुणी म्हणालं साखर कारखान्यामागच्या घरांची छपरं गेली. लाँड्रीतला वाइसाले घरच्यांच्या काळजीने मागच्या दाराने निघाला आणि उडत आलेल्या पत्र्याने त्याचा पाय कापला गेला. त्याला उचलून आत आणणाऱ्यांत उलामिला होती.

पुढे तिची कंबर धरली, पेशंट उचलणं जमेना, म्हणून तिला टेलिफोनवर बसवलं. बसल्या बसल्या तिने पहिली मागणी केली ती प्रत्येक वॉर्डात स्पीकर लावायची. ते लागेपर्यंत ती मागतच राहिली.

तिची बोलायची एक पद्धत होती. वारा सुटला, नदी चढली, की ती माइक उघडायची. “वॉर्डांनो, उलामिला बोलतेय.” मग जे कळलं असेल ते सांगायची. जे कळलं नसेल ते कळलं नाही म्हणून सांगायची. आणि पुन्हा कधी बोलणार तेही सांगायची. त्या वेळेला नवीन काही नसलं तरी बोलायची. “नवीन काही नाही, एवढंच सांगायला आलेय.” मुली हसायच्या. एकदा कुणीतरी वॉर्डातून फोन करून विचारलं, “नेई, आज जेवायला काय आहे तेही सांग की.” ही माइकवरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “वादळात आधीच घाबरलेत लोक, आणखी नको.” मी दोन दिवस तिला चहा नेला नाही.

फिलिमोनी आमची व्हॅन चालवायचा. उलामिलाचं गाव डोंगरात, त्याचं समुद्रकाठी. दोन्ही गावांचा मूळ पुरुष एकच, असं मानतात, आणि अशा गावांची माणसं एकमेकांची ‘ताउवू’ लागतात. ताउवूंनी एकमेकांना वाटेल ते बोलावं, टर उडवावी, हुकूम सोडावेत. समोरच्याने रागवायचं नाही, आणि ताउवूचा शब्द खाली पाडायचा नाही. इतर वेळी इथली माणसं फार अदबीने बोलतात. मोठ्या माणसाला ‘नाही’ म्हणणं त्यांच्या जिभेवर येत नाही. पण हे दोघं भेटले की कानात बोटं घालावीत. तो तिला चिखलातला बाम मासा म्हणायचा, ती त्याला खेकडा.

“काय गं बामे, फुगलीस अजून? डोंगरात चिखल फार झाला वाटतं खायला.”

“तू ये खेकड्या. तुझ्या आजोबांनी होडी उलटी घालून वल्हवली होती, तसाच तू गाडी चालवतोस.”

त्याची बायको तारायविनी बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होती. ती या भांडणात कधी पडायची नाही. ती दुसऱ्याच बेटावरची, तिला हा हक्क नव्हता.

त्या वर्षीचं वादळ दुपारीच जवळ आलं. रेडिओवर रात्रीचा अंदाज होता, पण वाऱ्याला कुठे कोण सांगायला गेलं होतं. डॉक्टर मुदलियार तेव्हा हॉस्पिटलचे प्रमुख होते, शांत माणूस. त्यांनी सकाळीच सगळ्यांना जमवलं, प्रार्थना झाली, खिडक्यांना फळ्या ठोकल्या गेल्या. मीही स्वयंपाकघरात गणपतीच्या तसबिरीपुढे दिवा लावला, आणि तो वाऱ्याने जाऊ नये म्हणून भांड्याच्या आडोशाला ठेवला. बसगाड्या बंद झाल्या होत्या, म्हणून संध्याकाळच्या पाळीच्या तीन नर्सेसना आणायला फिलिमोनी नदीपलीकडे गेला. पहाटेपासूनच्या मुली दमल्या होत्या. “घेऊन येतोच,” असं तो तारायविनीला सांगून गेला.

मी चहा घेऊन गेले तेव्हा डॉक्टर टेलिफोनच्या दारात उभे होते, हातात वायरलेस.

“फिलिमोनी, पुलावर येऊ नकोस. मागे वळ. चढावरच्या शाळेत जा आणि तिथेच थांब.”

“होय साहेब.”

“समजलं ना?”

“होय साहेब. पाणी थोडंच आहे साहेब. आलोच.”

आमचा पूल म्हणजे नदीतून नेलेला सिमेंटचा रस्ता. कठडा नाही. पाणी थोडं आहे का फार, ते वरून कळत नाही.

डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. पुन्हा ‘होय साहेब’ आलं आणि मागे इंजिनाचा आवाज. डॉक्टर याच मातीत वाढलेले. ते ‘होय’ कसलं, हे त्यांना कळत होतं. मान राखायचा म्हणून म्हटलेलं होय. मनात त्याने ठरवलेलं होतं की मुलींना पोचवल्याशिवाय थांबायचं नाही. डॉक्टरांनी वायरलेस उलामिलाच्या हातात दिला.

“तू बोल. माझ्याने व्हायचं नाही.”

उलामिलाने एक श्वास घेतला.

“अरे ए खेकड्या! कुजक्या मेल्या! तुझ्या गावात कुणाला सरळ चालता येत नाही आणि तू पाण्यातून गाडी घालतोस? चाक लावून बघ त्या पुलाला. तुझ्या मयताला मी लाल फुलांचा झगा घालून येईन. नाचेन. आणि तुझ्या म्हाताऱ्या आईसमोर सांगेन, की याला मागे वळ म्हटलं होतं त्याच्या ताउवूने. ऐकलंस? वळ मागे! मी सांगतेय, उलामिला सांगतेय, वळ!”

आम्ही उत्तराची वाट पाहिली. खरखर झाली, आणि त्याच वेळी बाहेर काहीतरी मोठ्याने कोसळलं. वायरलेसमधली खरखरही बंद झाली. छपरावरचा वायरलेसचा खांब पडला होता.

मग डॉक्टर म्हणाले, “आता हे वॉर्डांत सांगायचं का? आधीच सगळ्यांचे हात भरलेत.”

“साहेब, आज हे लपवलं, तर रात्री मी वारा उतरला म्हणेन तेही कुणाला खरं वाटणार नाही.”

डॉक्टरांनी जरा विचार केला. “बरोबर आहे. सांग. पण आधी तारायविनीला.”

“तिला माइकवरून नाही सांगायचं,” असं म्हणून उलामिला उठली. कंबरेवर हात ठेवून, भिंतीला धरत, ती बाळंतिणींच्या वॉर्डापर्यंत चालत गेली. मी बरोबर होते. तारायविनी एका बाईची नाडी बघत होती. आम्हाला बघून तिने त्या बाईचा हात हळूच खाली ठेवला.

उलामिलाने झालं ते जसंच्या तसं सांगितलं. गाडी पुलाजवळ होती. डॉक्टरांनी थांब म्हटलं. मी थांब म्हटलं. उत्तर यायच्या आत खांब पडला.

“तू सांगितलंस ना त्याला? मग तो थांबलाच असेल,” तारायविनी म्हणाली.

“माहीत नाही गं.”

“नेई, तुझा शब्द तो मोडणार नाही. थांबला असेल ना?”

“त्याने ऐकलं का, तेच मला माहीत नाही.”

“एवढं म्हण ना, थांबला असेल म्हणून. मला रात्रभर इथे उभं राहायचंय.”

उलामिलाच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, आता म्हणेल. कोण म्हणणार नाही? मी असते तर म्हटलंच असतं.

“मला कळलं की धावत येऊन सांगेन,” ती म्हणाली. “कळल्याशिवाय नाही.”

तारायविनीने तिच्याकडे पाठ केली. “जा तू इथून.”

खोलीत परत येऊन उलामिलाने माइक उघडला. “वॉर्डांनो, उलामिला बोलतेय. व्हॅन पलीकडच्या काठाला होती. तिला मागे वळायला सांगितलंय. वळली का, माहीत नाही. वायरलेस बंद पडलाय. संध्याकाळची पाळी आज येणार नाही. सकाळच्यांनी आळीपाळीने पडून घ्या, वॉर्डाच्या सिस्टर सांगतील तसं. वारा अजून वाढणार आहे. दारापाशी कुणी जाऊ नका. जेवण वाटलं की पुन्हा बोलेन.”

थोड्याच वेळात फिलिमोनीचा धाकटा भाऊ सकेआसी रेनकोट चढवून तिच्या दारात आला. तो पेशंटची स्ट्रेचर ढकलायचा.

“नेई, मी नदीपर्यंत जाऊन बघून येतो.”

“बघून काय करशील?”

“कळेल तरी.”

“तुला कळेल. मला कसं कळणार? मग एकाऐवजी दोघांचं माहीत नाही म्हणून सांगू का तुझ्या वहिनीला? हे एक सांगताना काय झालं ते ह्या बाईंना विचार.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, “बाबा, भाताची पातेली हलवायला मला माणूस हवाय.” मग त्याने रेनकोट काढला. त्या दिवशी त्याने एकट्याने सगळी पातेली उचलली.

रात्र गेली तशी गेली. उलामिला म्हटलेल्या वेळेला बोलत राहिली. बहुतेक वेळा नवीन काही नाही, एवढंच. पण मी जेवण घेऊन वॉर्डांत फिरत होते, मला दिसत होतं. तिची वेळ झाली की सगळ्यांचे चेहरे स्पीकरकडे वळत. बोलून झालं की कामाला लागत. मागच्या दाराकडे कुणी गेलं नाही. तारायविनीने त्या रात्री एक बाळंतपण केलं. मुलगा झाला. तिने त्याला पुसलं, गुंडाळलं, आईच्या कुशीत दिलं, आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

उजाडताना वारा पडला. आमचा दुरुस्तीवाला शिवलाल छपरावर चढला, एका बांबूला तार बांधून त्याने ती उभी केली. खाली वायरलेस खरखरला आणि त्या खरखरीतून आवाज आला.

“ए बामे! मेलीस का झोपलीस? रात्रभर हाका मारतोय!”

उलामिलाने उत्तर दिलं नाही. तिने माझ्याकडे बघून फक्त हात केला. मी धावले. माझं वय धावायचं नव्हतं, पण धावले. तारायविनी माझ्या पुढे जाऊन दारात पोचली तेव्हा उलामिला वायरलेस तिच्यासाठीच धरून बसली होती.

“बोल,” ती म्हणाली. “आता माहीत झालं.”

तारायविनीने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. पलीकडून तोच बोलत होता. पुढची दोन चाकं पाण्यात होती. मागे मुलींनी देवाचा धावा चालवला होता. आणि मयताला लाल झगा घालून नाचणार म्हटल्यावर त्याला इतकं हसू फुटलं, की पाय क्लचवरून सुटला आणि गाडी बंद पडली. बंद पडल्यावर म्हणे पाण्याकडे नीट बघितलं. मग चालू करून मागे घेतली. सगळे शाळेत होते, मुली आत्ता झोपल्या आहेत.

“गाडी बंद पडली म्हणून वाचलास,” तारायविनी म्हणाली. “हुशारीने नाही.”

“होय बाई,” पलीकडून आलं, एकदम अदबीने.

उलामिलाने माइक उघडला. “वॉर्डांनो, उलामिला बोलतेय. विलिसी, केलेरा, सुशीला आणि फिलिमोनी. चौघंही शाळेत आहेत, धडधाकट. हे मी कानाने ऐकलं. पूल दिसत नाही, तेव्हा पाणी उतरेपर्यंत येणार नाहीत. चहा झाला की पुन्हा बोलेन.” वॉर्डांतून जो आवाज उठला तो जिन्याखालीही ऐकू आला. माइक बंद करून तिने डोकं टेबलावर टेकलं. मी तिचा चहा तिथेच ठेवून बाहेर आले. तिची प्रार्थना चालली होती.

पण तारायविनीचा राग गेला नाही. ती नेईशी बोलेना. मला म्हणाली, “एक शब्द म्हटला असता तर तिचं काय गेलं असतं? थांबलाच होता ना तो?” दोघींचंही मला पटत होतं. अजूनही पटतं. उलामिलाला मी एकदा विचारलं, तर म्हणाली, “आणि थांबला नसता तर? मग माझ्या तोंडून पुढे काय ऐकलं असतं तिने?” आणि तिने विषय सोडून दिला.

वादळानंतर बाजारात काही मिळेना. केळी आडवी झाली होती, नारळ गेले होते. जमिनीतले दालोचे, म्हणजे अळूचे, कंद मात्र राहिले होते, कारण वाऱ्याचा हात तिथे पोचत नाही. उलामिलाच्या क्वार्टरमागे तिचा दालोचा वाफा होता. एके दिवशी आम्ही दोघी तिथे पायरीवर बसलो होतो, तर फिलिमोनी पोतं घेऊन आला. न विचारता वाफ्यात शिरला आणि कंद उपटायला लागला. ताउवूचा तोही हक्क असतो, काहीही उचलून न्यावं.

“सगळे नेऊ नकोस चोरट्या,” उलामिला म्हणाली.

“माझ्या मयताला नाचणार होतीस ना? त्याचे हे.”

त्याच्या मागून तारायविनी आली. तिला कसला हक्क? ती आमच्याकडे न बघता वाफ्यात उतरली, पदर खोचावा तसा तिने झगा कमरेला खोचला, आणि दोन्ही हातांनी ओढायला लागली. ओढताना दात आवळलेले. चिखल उडत होता.

“ते कडेचे राहू दे,” उलामिला तिला म्हणाली. “अजून कोवळे आहेत.”

तारायविनी सरळ कडेला गेली आणि तिथलेच उपटायला लागली. एक, मग दुसरा, मग तिसरा. चौथा निघेना, तशी ती धपकन मागे चिखलात बसली. फिलिमोनी हसायला लागला, तर तिने हातातलं पान त्याला फेकून मारलं. मग तिने उलामिलाकडे पाहिलं.

“नेई, हा निघत नाही.”

“जरा बाजूने खण,” उलामिला म्हणाली आणि कंबरेवर हात ठेवून पायरीवरून उठली. “थांब, मी येते.”