कालव्यावरच्या पाणचक्कीचं पीठ

नल्लकुंट्यात आमची पिठाची गिरणी आहे. तेलुगूत पिठाला ‘पिंडी’, म्हणून इथे तिला सगळे ‘पिंडी गिरणी’ म्हणतात. कितीतरी वर्षं ती माझ्या यजमानांनी चालवली. मग त्यांना अर्धांगवायू झाला, उजवा हात आणि पाय निकामी झाले, आणि गिरणीत मी उभी राहिले. दगड गुळगुळीत झाले की त्यांच्यावरच्या चऱ्या छिन्नीनं पुन्हा खोल कराव्या लागतात. त्याला टाकी लावणं म्हणतात. ते काम पूर्वी हे स्वतः करत. आता अफझलगंजहून एक म्हातारे चाचा येतात. हे आतल्या खोलीत पडून ठोके ऐकायचे, पण गिरणीत यायला तयार नसायचे. “येऊन काय करू?” एवढंच म्हणायचे.

आमच्या गिऱ्हाइकांत पुण्याकडचे एक निवृत्त इंजिनियर आहेत. शहराबाहेरच्या एका तलावातून निघालेल्या जुन्या कालव्यावर एक पाणचक्की होती, बंद पडून जमाना झालेली. त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी मिळून कालव्यातला गाळ काढला, चाक नवं केलं, दगड नवे आणले. पाणी सोडलं तर चाक छान फिरलं, पण पीठ धड येईना.

“वहिनी, एकदा येऊन बघता का?” त्यांनी विचारलं. “आमच्यापैकी कुणी कधी दळण दळलेलं नाही.”

मी गेले. कालव्याचं पाणी एका दगडी पन्हाळीतून जोरात खाली येतं आणि आडव्या चाकाच्या पात्यांवर पडतं. चाकाचा कणा खालच्या दगडातून वर येऊन वरचा दगड फिरवतो. मोटर नाही, पट्टा नाही. त्यांनी माझ्यासमोर ज्वारी टाकली. पीठ थोडंथोडं बाहेर आलं, तेही इतकं गरम की मुठीत धरवेना, आणि करपल्याचा वास. काहीतरी आत अडतंय हे कळलं, पण काय ते सांगता येईना. म्हणून घरी व्हिडिओ कॉल लावला.

“अहो, जरा बघा.”

“फिरताना दाखव,” हे म्हणाले. मग म्हणाले, “आता वरचा दगड उचलून दाखव.”

चौघांनी पहारी लावून दगड उचलला. यांनी बराच वेळ पाहिलं.

“दगड विजेच्या गिरणीचे आणलेत का?”

“हो,” इंजिनियर म्हणाले.

“मग बरोबर. या चऱ्या आपल्या गिरणीच्या दिशेनं फिरणाऱ्या दगडांच्या आहेत. तुमचं चाक उलटं फिरतंय. पीठ बाहेर निघायचं सोडून आतच ओढलं जातंय, तेच तेच दळलं जातंय.”

चाकच उलटं फिरवता येईल का, असं इंजिनियरांनी विचारलं. त्यासाठी पन्हाळ फोडून दुसऱ्या बाजूला न्यावी लागली असती.

“जुनं बांधकाम मोडू नका,” हे म्हणाले. “दोन्ही दगड घासून नव्यानं टाकी लावून घ्या. चाचांना घेऊन जा.” थोडं थांबून म्हणाले, “मी पण येतो.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. आजारपणानंतर दवाखाना सोडून ते कुठेच गेले नव्हते.

आम्ही तिघं पाणचक्कीवर गेलो आणि चाचांनी जुन्या चऱ्या घासून काढल्या. मग हे प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून डाव्या हातात खडू घेऊन नव्या चऱ्यांच्या रेघा आखू लागले. पहिली रेघ वाकडी आली. ओल्या फडक्यानं पुसली. दुसरीही वाकडी.

“भाई, आप उंगली से बताओ, लकीर मैं मारतूं,” चाचा म्हणाले.

“नक्को चाचा. मैं मारता.”

एका दगडाच्या रेघा आखण्यात अख्खी सकाळ गेली. खरं सांगते, मी वैतागले होते. गिरणी बंद होती, गिऱ्हाइकांचे फोन येत होते. पण चाचा बिडी न पेटवता शेजारी बसून राहिले, म्हणून मीही बसले. टाकी लावायला आणखी तीन दिवस लागले.

दगड बसवले, पाणी सोडलं. पहिल्या पिठात दगडाची कच असते, ते टाकून दिलं. नंतरचं पीठ यांनी चिमटीत घेऊन चोळलं. “वरचा दगड केसभर खाली घ्या.” इंजिनियरांनी पाचर जरा सैल केली. मग पीठ दगडाच्या कडेनं सगळीकडून सारखं गळू लागलं. मी मूठ भरली. थंड होतं.

“झालं,” हे म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. चाचा तिकडे बघत नव्हते, निदान तसं दाखवत तरी होते.

त्या पिठाच्या भाकरीची चव वेगळी लागते का, असं लोक विचारतात. मला तरी फरक कळला नाही. थापताना भाकरीचा काठ फुटला नाही, एवढं नक्की.

तलावात पाणी होतं तोवर दर रविवारी चक्की चालली आणि दर रविवारी हे ऑटोनं तिथे गेले. उन्हाळ्यात तलाव उतरला, चक्की थांबली. यांचा हात सुधारलेला नाही. डॉक्टर म्हणतात, आता एवढाच. पण सकाळी मी गिरणी उघडली की हे दारात खुर्ची टाकून बसतात, गिऱ्हाइकांशी तेलुगूत गप्पा मारतात आणि डाव्या हातानं धान्य चाचपतात. जरा ओलसर लागलं की दळण परत पाठवतात. त्यावरून आमचं दोन दिवसांआड भांडण होतं.