पट्टा मी लावला नव्हता

असले अनुभव वाचून मी आजवर फक्त हसलोय, हे आधीच सांगतो. देवाला नमस्कार करतो तोही बायको बघत असली तर. त्यामुळे हे लिहिताना भीतीपेक्षा लाजच जास्त वाटतेय… का ते पुढे कळेलच.

कोथरूडच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी अठरा वर्षं गाडी शिकवतोय. पहिल्या दिवशी माझं ठरलेलं भाषण असतं. एअरबॅग म्हणजे मऊ उशी नव्हे, ती फुटल्यासारखी उघडते. सीटबेल्ट आपल्याला मागे धरून ठेवतो, म्हणूनच एअरबॅग वाचवते. बेल्ट नसेल तर आपणच तिच्यावर जाऊन आदळतो.

आणि माझ्या स्वतःच्या गाडीत? बेल्टच्या खाचेत नकली क्लिप. बेल्ट न लावताही गाडीची टिंग-टिंग बंद राहावी म्हणून. वर्षभरात ती इतकी घट्ट बसली होती की बायकोने, वैशालीने, एकदा पकडीने ओढूनही निघाली नाही. तेव्हा ती म्हणाली होती, "अहो, तुमच्या विद्यार्थ्यांना एकदा या गाडीत बसवा. चांगलं शिक्षण होईल."

त्या सुमारास शबाना मॅडम शिकायला यायच्या. प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका, वय पन्नाशीचं. दोन वर्षांपूर्वी त्यांचे मिस्टर अपघातात गेले होते… घरापासून जेमतेम दोन किलोमीटरवर. बेल्ट लावला नव्हता. एकदा सिग्नलला थांबलो असताना त्यांनी विचारलं, "सर, तुम्ही रोज लावता? अगदी जवळ जायचं असलं तरी?"

"रोज," मी म्हणालो. जराही न अडखळता.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी अकराच्या सुमारास आम्ही कात्रजला, वैशालीच्या बहिणीकडे निघालो होतो. वैशाली शेजारी. तिचा बेल्ट लावलेला, मांडीवर आमटीचा डबा, सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरलेला. माझी क्लिप जागच्या जागी. निघताना माझ्या कोपराला लागली होती, म्हणून पक्कं आठवतंय.

वारजे ओलांडलं आणि समोरचा टेम्पो अचानक थांबला. मी ब्रेक दाबला… पुरला नाही.

धडकेच्या क्षणी कुणीतरी मला मागे खेचलं. खांद्यापासून कमरेपर्यंत, जोरात. मग पांढरा फुगा, तो जळका वास, आणि शांतता. वैशाली म्हणाली, "अहो… तुम्ही बेल्ट कधी लावलात?"

मी खाली पाहिलं. बेल्ट छातीवरून आडवा गेलेला, खाचेत नीट अडकलेला. लोकांनी दार उघडलं तेव्हा तो मलाच सोडवावा लागला. वैशालीचे हात आमटीने माखलेले होते, पण बेल्टवर आमटीचा एक थेंबही नव्हता.

गाडी गॅरेजला गेली. क्लिप माझ्या दाराच्या कप्प्यात सापडली, साधा ओरखडाही नाही. मेकॅनिक म्हणाला, "बेल्ट धडकेत खेचला गेलाय, म्हणजे अंगावर होता. तुम्हीच लावला असणार, विसरला असाल." मी मान डोलावली.

खरी लाज पुढची आहे. छातीवर तिरका काळानिळा वळ उठला होता. स्कूलच्या मालकांनी नव्या बॅचसमोर मला उभं केलं आणि म्हणाले, "बघा, सरांनी बेल्ट लावला म्हणून आज इथे उभे आहेत." मी शर्टाची वरची दोन बटणं काढून वळ दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शबाना मॅडमनी डोळे पुसले.

तीन आठवडे ते डोळे माझ्यासमोरून हलेनात. शेवटी त्यांच्या शेवटच्या क्लासला, गाडी बाजूला घ्यायला सांगून मी सगळं सांगितलं. क्लिप, ते "रोज", आणि बेल्ट मी लावला नव्हता हेही. वाटलं, चिडतील, नाहीतर वेड्यात काढतील.

स्टिअरिंगवर हात तसेच ठेवून त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही खोटं बोललात, ते जाऊ द्या, सर. पण तुम्हाला जर कुणीतरी लावला… तर आमच्या ह्यांना का नाही लावला?"

त्यांनी आरसा पाहिला, इंडिकेटर दिला आणि गाडी सावकाश रस्त्यावर घेतली.

आज वर्ष होऊन गेलं. बेल्ट कुणी लावला हे मला अजून माहीत नाही. खरं सांगू? तो प्रश्न मी स्वतःला फारसा विचारतही नाही. मॅडमनी विचारलेला मात्र सुटत नाही.