सर्जन नणंद

माझ्या नणंदेइतकी मान वर करून चालणारी बाई सिंगापूरच्या बेटावर दुसरी झाली नसेल. गर्वाने नव्हे, झाडं बघायला. सेरंगूनच्या फुटपाथवर समोरून येणारी माणसं तिला धडकायची आणि ही वर बघतच त्यांना "सॉरी" म्हणायची. एकदा मेट्रो स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या एका चिनी आजोबांना तिने हाताला धरून बाजूला नेलं आणि मला म्हणाली, "वहिनी, ती फांदी बघ, चीर गेलीय. आज-उद्या पडणार." ती फांदी अजून जागच्या जागी आहे. मी जाता-येता बघते.

सार्सची साथ ओसरली, त्यानंतर ती इथल्या वन-नॉर्थ भागातल्या एका प्रयोगशाळेत संशोधनाला आली आणि आमच्याकडे राहू लागली. वर्षभर सूक्ष्मदर्शकात डोळे घातल्यावर एका संध्याकाळी आमटी वाढून घेताना भावाला म्हणाली, "दादा, पानाची पेशी न् पेशी बघून झाली. आता जरा झाड बघते." आणि खरोखरच नोकरी सोडून झाडं छाटणाऱ्या एका कंपनीत गेली. नव्या नोकरीसाठी सरकारी परवाना, म्हणजे नवीन पास, हातात पडेपर्यंत माझ्या नवऱ्याला झोप नव्हती, ही मात्र गाढ झोपायची.

मग आमचा फ्लॅट म्हणजे तिची शाळा झाली. दाराच्या कड्यांना, खुर्च्यांना, फ्रिजच्या दांड्याला दोराच्या गाठी. सकाळी दूध काढायचं तर आधी गाठ सोडवा. झाडावर कुणी बेशुद्ध पडलं तर त्याला दोरावरून खाली कसं आणायचं, याची परीक्षा असायची. सरावासाठी बेशुद्ध व्हायचं काम तिच्या दादाकडे. तो बँकेतून आला की सोफ्यावर आडवा व्हायचा, ती त्याला पट्ट्यांत आवळून अलगद जमिनीवर उतरवायची. पुष्कळदा तो खरंच झोपलेला असे. काही वर्षं झाडांवर काढल्यावरच मोठ्या लेखी परीक्षेला बसता यायचं, आणि मिळालेलं सर्टिफिकेटही काही वर्षांनी शिळं व्हायचं. टिकवायचं तर शिकत राहायचं. "तुमचं लग्न बरं, वहिनी," ती म्हणाली, "एकदा झालं की पुन्हा परीक्षा नाही." मी म्हटलं, "कुणी सांगितलं तुला?"

ती पास झाली त्या दिवशी पुण्यात सासूबाईंनी पेढे वाटले. 'ट्री सर्जन' मधला 'ट्री' त्यांनी सोयीने गाळला होता. लेक सिंगापुरात सर्जन म्हटल्यावर डॉक्टर मुलांची स्थळं यायला लागली, तेव्हा मात्र घाबरून त्या विमानात बसल्या आणि आमच्याकडे आल्या.

नेमके त्याच आठवड्यात विमा एजंट घरी आले. इथल्या मराठी मंडळातल्या निम्म्या घरांचे विमे त्यांनीच उतरवलेले. कंपनीचा विमा होताच, तरी स्वतःचा एक असावा म्हणून हिने त्यांना बोलावलं होतं. काम ऐकताच त्यांचा चहाचा कप हवेत थांबला.

"म्हणजे तुम्ही स्वतः वर चढता? करवत घेऊन?"

"मग काय करवतीला एकटीला पाठवू?"

"हप्ता फार पडेल हो ताई. मुळात कंपनी घेईल का, हेच विचारावं लागेल."

"गंमत आहे," ती माझ्याकडे वळून म्हणाली. "फांदी कुणाच्या गाडीवर पडली तर त्याचा विमा लगेच मिळाला. मी पडायचं म्हटलं की विचारावं लागतं."

मी हसले. स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई उभ्या होत्या, त्या हसल्या नाहीत. जेवताना लेकीशी बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी लुगड्याच्या निऱ्या सारख्या करत म्हणाल्या, "चल. मला दाखव."

ईस्ट कोस्टच्या बाजूला एका जुन्या, छत्रीसारख्या पसरलेल्या झाडावर तिचं काम होतं. आम्ही दोघी दोरी बांधलेल्या हद्दीबाहेर उभ्या राहिलो. ती वर गेली आणि पानांत दिसेनाशी झाली. सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. करवतीचा आवाज थांबला तेव्हा त्यांनी हाक मारली, "काय दिसतंय गं तिथून?"

"समुद्र, आई! जहाजंच जहाजं!"

"आणि?"

वरून बारीक आवाज आला, "पुणं नाही दिसत गं."

सासूबाईंनी पदराने डोळे पुसले आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "दिसलं तरी बघू नकोस! हाताकडे लक्ष दे!"

पुण्याला परतल्यावर स्थळ सांगणाऱ्यांना त्या पूर्ण हुद्दा सांगायला लागल्या. स्थळं थांबली. विमाही झाला, जबर हप्त्याचा.

मग ती न्यूझीलंडला गेली. तिथली झाडं आणखी उंच आहेत म्हणे. आता आमच्या फ्रिजचं दार एका झटक्यात उघडतं, नवरा सोफ्यावर झोपतो आणि आपला आपणच उठतो. रविवारी तिचा फोन येतो. "वहिनी, पानं लाल झाली बघ इकडे," ती सांगते, किंवा "सगळी गळली गं." मी विचारते, "येतेस कधी?" ती म्हणते, "येते ना, एवढा हंगाम संपू दे."

तिच्याकडे हंगाम संपतात. आमच्याकडे बारा महिने एकच ऋतू, खिडकीबाहेर सदा हिरवं. त्यामुळे वाट बघायला लागून किती काळ झाला, ते नीट कळत नाही.