घंगाळातल्या मासोळ्या

मासोळी म्हणजे रश्शात टाकायची वस्तू, एवढंच आम्हा कुणब्यांना ठाऊक. ती पाण्यात सोडून नुसती बघत बसायची असते, हे खूळ आमच्या बाबांनी उमरावतीहून आणलं.

ते कापसाचे दिवस होते. साता समुद्रापलीकडं कुठंतरी लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना सोन्याचं मोल आलं होतं. ज्याच्या त्याच्या बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या चढल्या होत्या. आमचं गाव पूर्णेकाठी, अकोटच्या वाटेवर. बाबांनी त्या वर्षी अकोल्याचा बाजार सोडून गाड्या थेट उमरावतीला नेल्या. तिथं कापूस घेणाऱ्या एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर त्यांनी काचेची पेटी पाहिली. पेटीत पाणी, पाण्यात मासे, आणि साहेब खुर्चीत बसून त्यांच्याकडं पाहतोय. बाबांच्या डोक्यात ते असं बसलं की निघेना. "आपल्याबी ओसरीत असं पायजे," म्हणाले.

काचेची पेटी काही मिळाली नाही, आणि मिळाली असती तरी गाडीच्या धक्क्यांनी तिचा चुरा झाला असता. म्हणून त्यांनी तांबटाकडून तांब्याचं भलंमोठं घंगाळ आणलं. गाडीतून उतरवायला दोन माणसं लागली. देवाची भांडी तांब्याची, मग माशांना याहून चांगलं घर कोणतं? असा आमचा विचार. आज हसू येत नाही, चीड येते.

मासे निवडायचं काम माझ्याकडं आलं. मी विशीतला, मासळीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. नदीवरच्या भोईणीकडं गेलो आणि बाजारात बैल बघावा तसा दिसायला दांडगा तो उचलला. एक हातभर मरळ आणि सोबत मूठभर चंदेरी चिल्लीपिल्ली. भोईण म्हणाली, "यायले एका ठिकानी ठेवू नोका. मोठं हाय थे, उपाशी नाई राहत." मला वाटलं, घरात खायला मिळालं की कशाला खाईल? दुसऱ्या दिवशी घंगाळात मरळ एकटाच होता. गावानं यथेच्छ चेष्टा केली. मरळाचा आईनं रस्सा केला.

मग मी फक्त लहान मासोळ्या आणल्या, सगळ्या सारख्या, एकमेकींच्या वाटेला न जाणाऱ्या. त्यांची व्यवस्था माझ्या बायकोकडं होती. ती बाळापूरची. लग्नाला दोन वर्षं झालेली. त्या पावसाळ्यात तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं आणि तेव्हापासून आईची नजर तिच्यावरून सरळ अशी जातच नव्हती. रोज सकाळी मासोळ्या मडक्यात काढायच्या, घंगाळ चिंचेनं लखलखीत घासायचं, पाणी भरायचं, कणकेच्या बारीक गोळ्या टाकायच्या. घंगाळ आरशासारखं दिसलं पाहिजे, हा बाबांचा हुकूम.

दोन दिवसांत सगळ्या मासोळ्या पोट वर करून तरंगल्या. आमच्याकडं विहिरीचं पाणी खारट, म्हणून आम्ही पाण्याला दोष दिला. पुढच्या खेपेला नदीचं गोडं पाणी डोक्यावरून आणून भरलं, तेही तिनंच. त्याही मेल्या. नेमके तेव्हा बाबांनी अकोटचे पाहुणे मासे बघायला बोलावले होते. पाहुणे हसले नाहीत, पण हसले असते तर बरं झालं असतं.

त्या दिवशी आई सगळ्यांसमोर म्हणाली, "पोटातलं टिकलं नाई, पाण्यातलं टिकून नाई राहिलं. हिच्या हातालेच यश नाई. आता अजून एक खेप आना. थ्या मेल्या तं हिले बाळापूरले नेऊन सोड." आमच्या घरात आईचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

दुसऱ्या दिवशी वेचणीला वावरात गेलो असताना बायको ओटीतला कापूस पाटीत टाकायला माझ्याजवळ आली आणि मान खाली घालूनच बोलली. "एक सांगू का? ताक कधी तांब्यात ठेवते का कोनी? कळकते, जहर होते. स्वयपाकाच्या भांड्याले कल्हई असते, या घंगाळाले कुठी हाय? घंगाळ घासाच्या वक्ती मडक्यात टाकल्या का मासोया चांगल्या पोहून राहतात, अन् घंगाळात गेल्या का तोंड वर करतात. मले तं वाटते, भांडंच वंगाळ हाय."

मी म्हणालो, "बाबाचं भांडं वंगाळ?"

"तुमी गोठ्यामागच्या दगडी डोनीत दोन-चार टाकून पाहा. कोनाले सांगू नोका. पाहा फकत."

तिसरी खेप आणली. पहिल्याच दुपारी सगळे वावरात असताना मी घरी आलो. मासोळ्या काठाशी तोंड वर करून धापा टाकत होत्या. त्यातल्या चार ओंजळीत घेऊन मी गुरांच्या डोणीत सोडल्या. तिथलं पाणी विहिरीचं, खारट, तळाशी शेवाळ, वरून बैलांची लाळ. माझी खात्री होती की मरतील. थोडा वेळ त्या आडव्या पडून राहिल्या, मग सरळ झाल्या आणि शेवाळात घुसल्या. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तिसऱ्या दिवशी पाहिलं. चारही जिवंत. ओसरीतल्या घंगाळात मात्र एकही उरली नव्हती.

मला तेव्हाच कळलं होतं. हे नीट लिहून ठेवतो, कारण आयुष्यभर मी लोकांना उलटं सांगत आलो. बाबा ओसरीत बसले होते, रिकाम्या घंगाळाकडं बघत. मी त्यांच्यासमोर दोनदा गेलो आणि दोनदा परत आलो. सगळ्या गावाला बोलावून दाखवलेलं भांडं विषारी आहे, हे मुलानं बापाला सांगायचं, तेही बायकोच्या तोंडचं! बाईलवेडा म्हणतील, ही मला भीती. त्या भीतीला दुसरं मोठं नाव द्यायची माझी इच्छा नाही.

चौथ्या दिवशी तिला बाळापूरला सोडायला मीच दमणी जुंपली. सोबतीला आत्या बसली होती, त्यामुळं वाटेत आमचं बोलणं झालं नाही. बायकोनं पदर डोळ्यांपर्यंत ओढला होता. मी बैलांच्या पाठी बघत राहिलो.

चैत्रात डोण उपसायला काढली. तळातून मासोळ्या निघाल्या, चांगल्या वीतभर झालेल्या. आई धावत आली आणि तिनं हात जोडले. "पाहा! थे गेली अन् घरात मासोया जगल्या. डोनीत आपोआप आल्या. म्या सांगतलं होतं का नाई?" शेजारपाजारच्या बाया येऊन बघून गेल्या. त्या मासोळ्या बायकोच्या बाजूच्या साक्षीदार होत्या, आणि मी त्यांना तिच्याविरुद्ध बोलू दिलं. तोंड उघडायची ती दुसरी संधी होती. मी डोणीत पाणी भरलं. पंधरा दिवसांत माझ्यासाठी दुसरी मुलगी बघायला सुरुवात झाली.

नवं लग्न ठरल्यावर बाळापूरला निरोप द्यायचा होता, तो माझ्याच गळ्यात पडला. सासरे वावरात गेले होते. किल्ल्याकडून तापलेला वारा येत होता. मी ओट्यावर बसलो. ती पाण्याचा लोटा घेऊन बाहेर आली, वाळली होती, हातात बांगड्या सैल. लग्नाचं तिच्या कानावर आधीच आलं असावं, कारण त्याबद्दल तिनं एक अक्षर विचारलं नाही. लोटा माझ्यापुढं धरून ती म्हणाली, "एकच सांगा. डोनीत टाकून पाहाल्या होत्या का?"

"हो, जगल्या," म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, "मंग सांगतलं कावून नाई?" मी म्हणालो, "टाकल्या होत्या. तिथंबी मेल्या."

तिनं मान डोलावली. माझ्यावर तिचा विश्वास होता, हे त्या क्षणी मला दिसलं, आणि ते मला आजही सोसत नाही.

"मंग माह्याच हातात काही असन," ती म्हणाली.

मी लोट्यासाठी हात पुढं केला होता. तिनं तो मागं घेतला, वाकून माझ्यापासून दूर जमिनीवर ठेवला, आणि हात पदराखाली झाकून घेतले.